हिंमतनानांचा दगड

उतारावर उभी असलेली रिकामी गाडी दिसली की मी आजही रस्ता ओलांडून पलीकडे जाते. सोबतचे लोक हसतात. हसू देत. मी हिंमतनानांच्या दारासमोर राहिलेली बाई आहे.

ज्या माणसाने अख्ख्या गावातल्या चाकांना दगड लावले, मुक्कामी एसटीला लावले, नवरदेवाच्या गाडीला लावले, त्याच माणसाच्या दारातला ट्रॅक्टर दसऱ्याच्या सकाळी सुटला आणि त्याच्या बायकोच्या अंगावरून गेला. हे मी किती जणांना सांगितलं असेल, पण सांगताना अजूनही मध्येच थांबते. एखाद्या बेफिकीर माणसाच्या दारात हे झालं असतं तर लोक चार दिवस हळहळले असते आणि कामाला लागले असते. पण नानांच्या दारात? तिथे कसं काय होऊ शकतं हे?

मी मूळची बोदवडची. आमच्याकडे गाडी जिथे उभी केली तिथेच ती सकाळी सापडते, एवढी सपाट जमीन. नोकरी लागली ती साक्री तालुक्यात, डोंगराला टेकलेल्या एका गावातल्या शाळेत. गावात एकच मोठी गल्ली. वर मारुतीचं देऊळ, खाली शाळा, आणि मधला सगळा उतार. दोन्ही बाजूंनी उंच ओट्यांची घरं. पावसाळ्यात वरच्या माणसाच्या अंगणातली चप्पल खालच्याच्या अंगणात सापडायची आणि त्यावरून भांडणंही व्हायची.

मी सामान घेऊन आले त्या दिवशी टेम्पोवाल्याने गल्लीच्या मध्यात गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून बिडी पेटवली. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून एक उंच, वाळका म्हातारा दगड पोटाशी धरून धावत आला. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी. मला वाटलं, आता हा तो दगड ड्रायव्हरच्या डोक्यात घालतो. त्याने तो पुढच्या चाकापुढे ठेवला, टाचेने ठोकून घट्ट बसवला आणि मग दम घेतला.

"हँडब्रेक वढेल शे ना, बाबा," ड्रायव्हर कुरकुरला.

"वढेल शे ते ऱ्हाऊ दे वढेल. उतारवर उभी गाडी आपली नही ऱ्हास, भो. ती उतारनी ऱ्हास." मग माझ्याकडे वळून, "कोन्या गावन्या तुमी, बाई?"

मी बोदवड म्हटलं.

"तठे उतार नही शे. तुमले नही समजाव," असं म्हणून त्यांनी माझी शिलाई मशीन एकट्याने उचलली आणि वर नेऊन ठेवली. माझा राग जायला त्यानंतर आठवडाभर लागला.

नाना पूर्वी ट्रक चालवायचे, धुळ्याहून सुरतेकडे. आता वय झालं होतं. एकुलता मुलगा सुरतेला नोकरीला. घरची थोडी शेती, जुना लाल ट्रॅक्टर आणि तो दगड. दगड काळा होता, दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा, एका बाजूने सपाट. बाकीच्या गाड्यांसाठी नानांनी गल्लीत जागोजागी लहानमोठे दगड रचून ठेवले होते, पण हा काळा घरचा होता. कोणी त्याच्यावर बसलं तरी नानांना खपायचं नाही.

नानांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणायचं. ठेंगणी, गोल, आणि हसली की वरच्या देवळात ऐकू जाईल अशी. मळ्यातली भाजी आठवडे बाजारात स्वतः बसून विकायची. त्या दगडाशी तिचं उघड वैर होतं. "मनी सवत शे तो दगड, बाई," ती मला म्हणायची. "माले ताप उना ते कोनी चहा नही देत. पन दगडवर चिखल पडना ते लगेच धुतस." नाना हे ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि टोपी सारखी करत. टोपी सारखी केली म्हणजे नानांना आतून हसू आलंय, हे मला नंतर कळलं.

या दगडापायी नानांनी गावाला कमी त्रास दिला नाही. एका लग्नात वरात निघायची वेळ झाली, नवरदेव गाडीत बसला, बँड वाजायला लागला, आणि गाडी हलेना. ड्रायव्हर दाबतोय, धूर निघतोय, फुलांच्या माळा थरथरतायत. वरबाप घामाघूम. कोणीतरी खाली वाकून बघितलं तर दोन्ही चाकांना नानांचे दगड. शिव्यांचा पाऊस पडला. नाना शांतपणे दगड काढून बाजूला ठेवत म्हणाले, "दोन घटका थांबना ते काय बिघडनं? नवरी पळी जास का?" कुल्फीवाल्याच्या हातगाडीलाही ते सोडत नसत. एसटीचा कंडक्टर तर कंटाळून स्वतःच सांगायचा, "नाना, लावा तुमचा देव आणि आम्हाला जेवू द्या."

आणि गंमत अशी की ज्या उतारावर नानांचा एवढा राग, त्याच उताराचं ते रोज काम करून घेत. त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी कधीच बसली होती. गल्लीतल्या सगळ्याच जुन्या ट्रॅक्टरांची तीच रड. म्हणून संध्याकाळी प्रत्येकजण आपला ट्रॅक्टर दारासमोर तोंड खाली करून लावायचा. सकाळी सोडला की चार हात घरंगळतो, गिअर टाकला की इंजिन धरतं. "फुकटना उतार शे ना दारशी, बॅटरी कसाले?" असं अख्खं गाव म्हणायचं आणि नानाही म्हणायचे.

नानांच्या दारातली सकाळ ठरलेली. नाना आधी वर चढणार, सीटवर बसून ब्रेकवर पाय देणार, मगच ओरडणार, "काढ वं!" अक्का पुढच्या चाकाखालचा काळा दगड ओढून काढणार, ओट्यावर चढणार आणि तिथून हाक देणार, "निंघा!" मग नाना ब्रेक सोडणार. यात कधी फरक नाही. रात्री भांडण झालेलं असो, अक्काच्या गुडघ्यात कळ असो, "काढ वं" आणि "निंघा" ठरल्याप्रमाणेच. माझं घड्याळ बंद पडलं होतं त्या महिन्यात मी या दोन हाकांवर शाळेत जात होते.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, नाना, उताराची एवढी भीती वाटते तर बॅटरी टाका आणि ट्रॅक्टर मळ्यात सपाटीवर ठेवा. निदान गिअरमध्ये तरी ठेवत जा. नाना चिडले. "भीती कोनले शे? मी भेत नही त्याले. मी वळखस त्याले. आन गिअरमा ठेवं ते दात झिजतस. दगड शे ना!" दगड आहे म्हटल्यावर बोलणं संपलं. त्यांचा सगळा भरवसा त्या एका दगडावर होता.

हा भरवसा कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारची वेळ होती, आम्ही ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. ट्रकवर त्यांचा एक जोडीदार होता, सुपडू नावाचा. कोंडाईबारीच्या घाटात गाडी तापली म्हणून कडेला घेतली. हँडब्रेक नानांनीच ओढला. नाना पाणी आणायला गेले आणि सुपडू मागचं चाक बघायला गाडीखाली शिरला. नाना बादली भरून वळले तर गाडी जागेवर नव्हती.

"आवाज नही उना?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी धडाड वगैरे झालं असेल.

"बंद गाडी चालस ना बाई, ते आवाज नही करत," नाना म्हणाले. आणि पुढची शेंग फोडली. मग ओट्याखालच्या काळ्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "तो तठलाच शे. तवळ माले पाहिजे व्हता, तवळ नही दिखना. नंतर सापडना." हवा होता तेव्हा दिसला नाही, सापडला तो नंतर.

त्यानंतर मी त्या दगडाची चेष्टा केली नाही. अक्का मात्र करत राहिली. तिला ही हकीगत माझ्या आधीपासून माहीत होती, आणि मला वाटतं म्हणूनच करत राहिली. नानांनी त्या घाटात अडकून बसू नये असं तिला वाटत असणार.

मग तो बाजाराचा दिवस आला. आठवडे बाजार गल्लीच्या खालच्या टोकाला, शाळेच्या भिंतीलगत भरतो. भाजीवाल्या बायका ओळीने बसतात, अक्काची जागा कोपऱ्यावर. त्या दिवशी कांद्याच्या गोण्या भरलेला एक पिकअप कोणीतरी वरच्या अंगाला उभा केला आणि ड्रायव्हर चहाला गेला. ट्रॅक्टर गडी मळ्यात घेऊन गेला होता, त्यामुळे काळा दगड ओट्यावर मोकळा पडलेला. नानांनी पिकअप पाहिला, नेहमीप्रमाणे तोंडाने पुटपुटत दगड उचलला आणि निघाले. ते पोचायच्या आतच गाडी हलली.

मी शाळेच्या दारातून पाहिलं. गाडी अगदी सावकाश निघाली होती, कोणाचं लक्षही गेलं नाही. नाना धावले आणि त्यांनी दगड चाकापुढे अक्षरशः फेकला. चाक दगडावर अर्धं चढलं, गाडी तिरपी झाली, वरच्या गोण्या सुटून कांदे गल्लीभर पळाले आणि गाडी थांबली. कांदे थेट अक्काच्या मेथीच्या जुड्यांत येऊन थांबले. तेव्हा कुठे बायकांनी माना वर केल्या. मग जो गलका झाला! ड्रायव्हरला मारायला माणसं धावली, नाना दगडाशेजारी खालीच बसले होते.

अक्का उठली, चढण चढून वर आली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. त्या दगडासमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले. "आजपासून सवत नही म्हनाव मी याले," ती म्हणाली. "यंदा दसराले याले पूजामा बसाडसू." नानांनी टोपी सारखी केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तोवर वर पोचलेल्या मी ते जवळून पाहिलं.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. त्या सकाळी अक्काच्या ओट्यावर सगळी अवजारं धुऊन ओळीने मांडली होती. विळे, कोयता, कुदळ, पहार, पाने-पक्कड, जॅक, तिचा बाजाराचा तराजू. मला तिने जेवायला बोलावलं होतं, आणि माझी खडूची पेटीसुद्धा आणायला लावून ओळीत ठेवली होती. ट्रॅक्टर धुऊन, झेंडूच्या माळा घालून दारात उभा होता. तोंड खाली. नेहमीसारखाच.

मी ओट्यावर रांगोळी काढत होते. ओळीच्या मधोमध एक जागा अक्काने रिकामी ठेवली होती.

नाना नवा सदरा घालून सीटवर चढले, ब्रेकवर पाय दिला आणि म्हणाले, "काढ वं!" रोजचीच हाक, फक्त त्या दिवशी जरा गाऊन म्हटल्यासारखी. अक्काने दगड काढला. पण "निंघा" म्हणायच्या ऐवजी ती तो ओट्यावर घेऊन आली, बादलीत धुतला, पदराने पुसला आणि त्या रिकाम्या जागी ठेवला. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. दगड इतका रुबाबदार दिसत होता की मलाही हसू आलं. दगडाच्या जागी, चाकाखाली, तिने लिंबू ठेवलं. गाडीच्या पूजेला लिंबू ठेवतातच.

"ओ, खाले या ना," अक्का म्हणाली. "पूजा जोडीनी करतस. वर बठीसन नही."

आणि नाना खाली आले. नाना खाली आले! ब्रेकच्या पेडलला अडकवायची लोखंडी कडी असते, ती त्यांनी अडकवली, पायाने एकदा दाबून पाहिली, आणि उतरले. गावातल्या कोणाच्याही ट्रॅक्टरवर असं झालेलं पाहिलं असतं तर हाच माणूस ओट्यावरून ओरडत धावला असता. पण दगड समोर होता ना. हळदकुंकू लावून, फूल वाहून, ओट्यावर बसलेला होता. दगड आपल्या डोळ्यांपुढे आहे, एवढ्यानेच बहुतेक नानांचा जीव निर्धास्त झाला असेल. चाकाला तो नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. अक्काच्या आलं नाही.

दोघांनी मिळून पूजा केली. मग अक्का ताट घेऊन खाली उतरली, बॉनेटवर स्वस्तिक काढायला. समोरून काढावं लागतं, म्हणून ती ट्रॅक्टरच्या पुढे गेली. नाना ओट्यावर वाकले आणि त्यांनी दगडावर डोकं टेकवलं.

ताट पडल्याचा आवाज आला. तेवढाच. मी मान वर केली तर दारासमोर ट्रॅक्टर नव्हता. ती मोकळी जागा मला अजून दिसते. लिंबू चिरडलं होतं, थोडं पुढे ताट पालथं पडलं होतं, आणि त्याच्या पुढे अक्का होती. लाल ट्रॅक्टर झेंडूच्या माळा हलवत, काही आवाज न करता, रिकाम्या सीटने गल्ली उतरत होता.

नाना उठले. त्यांनी दगड उचलला, पोटाशी धरला आणि धावले. अक्काच्या शेजारून धावत गेले. थांबले नाहीत. त्या माणसाने काय पाहिलं आणि काय नाही पाहिलं हे मला ठाऊक नाही. कपाळाला दगडाचं कुंकू लागलेलं, नवा सदरा, आणि सत्तरी ओलांडलेला तो म्हातारा ट्रॅक्टरच्या मागे उतारावर धावत होता. मी अक्काजवळ बसले. तिचा हात हातात घेतला. तो गरम होता, पण त्यात काही उरलं नव्हतं, हे मला लगेच समजलं.

ट्रॅक्टर शाळेच्या भिंतीवर आदळून थांबला. सुट्टी होती, भिंतीपाशी पोरं नव्हती. बाजाराचा दिवस नव्हता. नाना पोचले तेव्हा त्याचं तोंड भिंतीत घुसलेलं होतं, तो आता कुठेच जाणार नव्हता. आणि नानांनी खाली वाकून तो दगड त्याच्या चाकाला लावला. टाचेने ठोकून घट्ट बसवला. मग मागे वळून गल्लीकडे पाहिलं. धावत खाली गेलेल्या माणसांनी मला हे सांगितलं तेव्हा मला शेंगा फोडणारे नाना आठवले. नंतर सापडना. मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

मुलगा सुरतेहून आला, दिवस केले, नानांना सोबत चला म्हणाला. ते गेले नाहीत. ट्रॅक्टर विकला. ज्याने घेतला त्याने दुरुस्ती करून आधी नवी बॅटरी टाकली, आणि चावी फिरवली तसा तो लाल ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला. नाना ओट्यावर बसून ऐकत होते. एक बॅटरी! मी आत जाऊन दार लावून घेतलं.

आणि गावाचं काय? महिनाभर सगळे हादरलेले होते. नंतर एका संध्याकाळी शाळेतून वर येताना पाहिलं तर गल्लीत तीन ट्रॅक्टर ओळीने उभे, तोंड खाली करून, सकाळच्या सोयीसाठी. मी एकाच्या मालकाला गाठून भांडले. त्याने मला समजावलं, "बाई, आमी दगड लावस ना."

नानांनी मात्र त्यानंतर दगडाला हात लावला नाही. कोणत्याच. जागोजागी रचलेले दगड पोरांनी खेळायला नेले. एसटी आली तरी ते ओट्यावरून उठत नसत. काळा दगड शाळेच्या भिंतीपाशी तसाच पडून होता, कुंकू पावसात धुऊन गेलं. मी रोज त्याच्या बाजूने शाळेत जायची. ना तो मला उचलवला, ना कोणी उचलला.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, बोदवडच्या बाजूला. सामान न्यायला टेम्पो आला आणि मी आले होते त्याच जागी उभा राहिला. ड्रायव्हर तरुण होता, हँडब्रेक ओढून तो गोण्या उचलायला वर आला. आम्ही दोघं कपाट उतरवत होतो तेव्हा मी समोर पाहिलं. नाना ओट्यावरून उतरले होते. हात मोकळे होते. ते टेम्पोच्या पुढे गेले, पुढच्या चाकाला पाठ लावली आणि उतारावर पाय सोडून खाली बसले.

"ओ आजोबा, उठा तिथून!" ड्रायव्हर ओरडला. "लागेल काहीतरी!"

मी धावत गेले. "नाना, उठा हो. मी पाया पडते तुमच्या. मी दगड आणते, मी लावते."

त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. आवाज अगदी साधा होता. "भरा तुमी सामान, बाई. मी बठेल शे ना आठे."

त्यांना उठवायचा मी खूप प्रयत्न केला, ड्रायव्हरनेही केला. ते हलले नाहीत. शेवटी सामान भरण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी प्रत्येक वस्तू धावत आणली, ठेवली कशी आणि फुटलं काय हे बघितलंही नाही. अख्खी गल्ली आपापल्या ओट्यांवर उभी राहून बघत होती. शिलाई मशीन सर्वांत शेवटी चढवली.

"ड्रायव्हर वर बठना का?" नानांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"बसला, नाना."

"पाय ब्रेकवर शे का?"

मी दार उघडून पाहिलं. ड्रायव्हरच्या कपाळावर घाम होता, त्याचा पाय ब्रेकवर होता. मी होय म्हटलं. मग नाना चाकाला धरून हळूहळू उठले. मी वाकून त्यांच्या पाया पडले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "निंघा."

ते ओट्याकडे वळले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्यापासून कमरेपर्यंत, टायरचे काळे पट्टे उमटले होते.